वाळूचा पैसा

कोळसा काढून झाल्यावर खाणीत उरणाऱ्या पोकळीचं काय करायचं, या प्रश्नाने खाणमालकाची झोप सहसा उडत नाही. कोळसा विकला जातो, पोकळी विकली जात नाही. शिवाय ती जमिनीखाली असल्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांवरही येत नाही. कायदा करून खाणींच्या सुरक्षेसाठी पैसा उभा करायचा आणि तो अनुदान म्हणून वाटायचा, ही आपल्याकडची कहाणी मात्र याच पोकळीपासून सुरू होते.

भूमिगत कोळसा खाणीत आधी आडव्या-उभ्या बोगद्यांचं जाळं पाडतात आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब राखून ठेवतात. वरचं छत या खांबांवर तोललेलं असतं. खाणीतला बराचसा कोळसा या खांबांतच अडकलेला असतो. म्हणून शेवटी परतीच्या वाटेवर खांबही काढत यायचं, याला खाणीत सगळे डिपिलरिंगच म्हणतात. खांब गेला की मागे उरलेली मोकळी जागा म्हणजे गोफ. गोफातलं छत आज ना उद्या बसतं. ते बसलं की वरची जमीन खचते, जमिनीला भेगा पडतात आणि भेगांतून हवा आत शिरते. गोफात राहून गेलेला कोळशाचा चुरा हवेशी संयोग पावत हळूहळू तापतो आणि काडी न लावता पेटतो. कोपऱ्यात साचलेल्या मिथेनला ठिणगी मिळाली तर मग पुढचं सांगायला नको.

यावरचा उपाय जुना आहे. पोकळी वाळूने भरून टाकायची. याला सँड स्टोइंग म्हणतात. पृष्ठभागावर वाळू आणि पाणी कालवतात आणि ते मिश्रण नळांतून खाली सोडतात. पंपाची गरज पडत नाही, उंचीच्या फरकामुळे ते स्वतःच वाहत जातं. गोफाच्या तोंडाशी लाकूड, बांबूच्या चटया, गोणपाट यांची आड उभारलेली असते. वाळू आत बसते, पाणी झिरपून बाहेर येतं, आणि तेवढं मात्र पंपाने पुन्हा वर फेकावं लागतं. नीट भरलेली वाळू छताला चांगला आधार देते आणि हवेचा रस्ता बंद करते. त्यामुळे वर गाव असो, रेल्वेमार्ग असो की ओढा, खालचा खांब बऱ्याच अंशी निर्धास्तपणे काढता येतो.

अडचण एवढीच, की यात पैसा जातो आणि परत येत नाही. झरिया आणि राणीगंजच्या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लहान-लहान खाजगी खाणी दाटीवाटीने उभ्या होत्या. एकाची हद्द संपली की दुसऱ्याची सुरू. जो मालक वाळू भरेल त्याचा कोळसा महाग पडणार आणि जो भरणार नाही तो बाजारात स्वस्तात विकणार. आगीला तर हद्दीचे दगड दिसत नाहीत. झरियात पहिली आग नोंदली गेली १९१६ मध्ये, भौंरा इथे. पुढे राष्ट्रीयीकरणानंतर मोजदाद झाली तेव्हा झरियात ७० आगी सापडल्या आणि त्यांनी १७.३२ चौरस किलोमीटर जागा व्यापलेली होती. शेजाऱ्याने वाचवलेल्या पैशाची किंमत शेजाऱ्याच्या शेजाऱ्याने मोजायची, असा तो व्यवहार होता.

सरकार जागं झालं ते मात्र आगीपेक्षा स्फोटांनी. १९३५ च्या जुलैत गिरिडीहजवळच्या कुरहुरबारी खाणीत ६२ माणसं गेली. १९३६ च्या जानेवारीत लोयाबादला ३५ आणि त्याच वर्षी १८ डिसेंबरला राणीगंज पट्ट्यातल्या पोईडीह खाणीत २०९. कोळशाच्या धंद्याची चौकशी करायला बरोज यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९३९ मध्ये कोळसा खाणींच्या सुरक्षेचा, स्टोइंगचा कायदा आला. त्याची रचना आजही दाद द्यावी अशी आहे. खाणींतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर बसवायचा, तो पैसा एका स्टोइंग बोर्डाकडे जमा करायचा आणि त्यातून वाळू भरणाऱ्या खाणींना मदत द्यायची. म्हणजे वाळू न भरणाऱ्याच्याही खिशातून पैसे जाणारच. मग निदान आपले पैसे वसूल करण्यासाठी तरी मालक वाळू भरेल! उपदेश आणि दंड या दोन्हींपेक्षा हा हिशेब मालकांना अधिक समजणारा होता. मारवाडी, बंगाली, गुजराती, इंग्रज, कुठलाही मालक असो, टनामागच्या आण्यांची भाषा सगळ्यांना येत होती.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये नवा कायदा झाला आणि स्टोइंग बोर्डाच्या जागी कोल बोर्ड आलं. आता अनुदानाला दुसरं काम जोडलं गेलं, ते म्हणजे कोळसा वाचवण्याचं. त्याला कारण होतं. पोलाद करायला लागणारा कोकिंग कोळसा देशात मुख्यतः झरियात होता आणि पोलादाचे मोठे कारखाने उभे राहायचे होते. खांबांत अडकलेला कोळसा सोडून पुढे जाणं परवडणारं नव्हतं. दामोदरची वाळू खाणींपर्यंत नेण्यासाठी रोपवे उभारले गेले. नदीतून भरलेल्या बादल्या तारेवरून खाणींकडे निघाल्या. हे सगळं योग्यच होतं. पण सुरक्षेला मिळालेला हा जोडीदार भारी ठरला, असं मला वाटतं. मोकळा झालेला कोळसा टनांत मोजता येतो आणि त्याची किंमत ताळेबंदात दिसते. न कोसळलेल्या छताची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. दोन्हींसाठी एकाच पेटीतून पैसा निघणार असेल, तर पेटीवर बसलेला माणूस कुणाकडे बघून पैसे देईल?

१९७१ ते १९७३ या काळात सरकारने खाणी ताब्यात घेतल्या. आधी कोकिंग कोळशाच्या, मग १ मे १९७३ रोजी उरलेल्या ७११ खाणी. १९७४ मध्ये पुन्हा नवा कायदा आला, कोल बोर्ड गेलं आणि कायद्याच्या नावात १९३९ पासून असलेला सुरक्षा हा शब्दही गेला. तिथे आता संवर्धन आणि विकास हे दोन शब्द आहेत. पुढच्याच वर्षी, २७ डिसेंबर १९७५ रोजी, चासनाल्यात वरच्या जुन्या कामात साचलेलं पाणी फुटून खाणीत घुसलं आणि ३७५ कामगार बुडाले. कायद्याच्या नावाचा आणि या दुर्घटनेचा संबंध जोडणं अन्यायाचं होईल. वाळूचाही तिथे संबंध नव्हता. पण चासनाल्याने एक दाखवून दिलं. मालक सरकार झालं म्हणून पाणी वाट सोडून जात नाही.

राष्ट्रीयीकरणानंतर अनुदानाचा प्रवास मोठा गमतीचा झाला. सरकारी कंपनी कोळसा पाठवणार, त्यावर स्टोइंगचं उत्पादन शुल्क भरणार, ते शुल्क केंद्राच्या तिजोरीत जाणार, तिथून अर्थसंकल्पाच्या वाटेने ते कोळसा मंत्रालयाच्या समितीकडे येणार, आणि समिती ते वाळू भरण्याच्या आणि संरक्षक कामांच्या खर्चापोटी त्याच सरकारी कंपन्यांना परत देणार. उजव्या खिशातून काढून डाव्या खिशात. १९३९ च्या योजनेत दोन मालकांमधली स्पर्धा हा सगळ्या खेळाचा प्राण होता. इथे मालक बहुतांशी एकच उरला होता. त्यातच कोळसा क्षेत्रातल्या रस्त्या-रेल्वेच्या कामांनाही याच शुल्काचा आधार मिळू लागला. खाणीकडे जाणारा रस्ता चांगला असावा, याबद्दल वाद नाही. पण वाळूच्या नावाने गोळा केलेल्या पैशाने डांबर विकत घ्यावं, हे १९३९ च्या कायदा करणाऱ्यांना खचितच पटलं नसतं.

शुल्काचा दरही बघण्यासारखा आहे. २००३ पासून तो टनाला १० रुपये होता आणि तिथेच थांबला. शुद्ध ऊर्जेच्या नावाने बसवलेला दुसरा उपकर मात्र २०१० मध्ये टनाला ५० रुपयांवर सुरू होऊन २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. तोही कोळशावरच होता. कोळसा तोच, टन तोच. हवेसाठी वाढलेला दर खालच्या माणसासाठी का वाढला नाही, हे विचारणारं कुणी नव्हतं. २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला आणि स्टोइंगचं शुल्क रद्द झालं. योजना अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर चालू राहिली, पण उपकर आणि वाळू यांची गाठ सुटली.

तोवर वाळूच दुर्मीळ झाली होती. नदीतून वाळू काढण्यावर बंधनं आली, बांधकामांनी तिचा भाव वाढवला आणि देशाचा बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून येऊ लागला. उघड्या खाणीत गोफ नसतो, तिथे धोका वेगळा. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमध्ये राजमहल प्रकल्पातल्या लालमाटिया इथे मातीचा ढिगारा सरकला आणि त्याखाली २३ जण गेले. आपल्या विदर्भात तर वाळूचं चक्र उलटं फिरलं. नागपूरजवळ भानेगावला वेस्टर्न कोलफील्ड्सने, म्हणजे वेकोलिने, कोळशावरच्या मातीच्या थरातून, म्हणजे ओव्हरबर्डनमधून, वाळू वेगळी काढायला सुरुवात केली. ती वाळू घरकुलांच्या बांधकामाला स्वस्तात मिळाली. एके काळी नदीची वाळू खाणीत जायची, आता खाणीची वाळू घराला लागते.

या सगळ्या पैशांत मला सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो तो एक लहानसा संशोधन प्रकल्प. कोळसा मंत्रालय विज्ञान-तंत्रज्ञानासाठी वेगळं अनुदान देतं आणि त्याचा कारभार रांचीची सीएमपीडीआय ही संस्था पाहते. या अनुदानातून धनबादच्या केंद्रीय खाण संशोधन संस्थेने छताच्या खडकांची प्रतवारी बसवली. तिचा अहवाल १९८७ चा आहे. तोपर्यंत छताला आधार किती द्यायचा, हे मायनिंग सरदाराचा कान आणि ओव्हरमॅनचा अनुभव ठरवायचा. काठीने छत ठोकायचं आणि आवाज बद्द आला की सावध व्हायचं. ही परीक्षा आजही करतात आणि ती करायलाच हवी. पण ठोकून आलेल्या आवाजावरून टेकू किती लावायचे, याचं गणित मांडता येत नाही.

प्रतवारीने शंभर गुण पाच गोष्टींत वाटून दिले. खडकाचे थर किती जाडीचे आहेत याला ३० गुण, कारण पातळ थर सुटून पडतात. भेगा, सांधे, भंग यांना २५. दमट हवेत आणि पाण्यात खडक किती झिजतो याला २०. खडकाच्या ताकदीला १५ आणि झिरपणाऱ्या पाण्याला १०. ताकदीला मिळालेले १५ गुण पाहून नवख्या माणसाला आश्चर्य वाटेल. पण छत बहुधा खडक दुबळा म्हणून पडत नाही, खडक सुटा म्हणून पडतं. हे ज्याने छत पडताना पाहिलं आहे त्याला सांगावं लागत नाही. बेरीज आली की त्यावरून छताचा किती भार तोलायचा आहे ते काढता येतं, आणि भारावरून बोल्ट किती, केवढे आणि किती अंतरावर, हेही. लाकडी टेकूंच्या जागी छतातच पोलादी बोल्ट बसवण्याची पद्धत आपल्याकडे रुजली, त्यात या गणिताचा मोठा वाटा आहे. १९९० मध्ये छताच्या आधाराबद्दल शिफारशी करणाऱ्या पॉल समितीने बोल्टचा आग्रह धरला तेव्हा आधाराला हे आकडे हाताशी होते. भूमिगत कोळसा खाणीत छत पडणं हे वर्षानुवर्षं मृत्यूचं पहिलं कारण राहिलं आहे. त्या छतापुढे उभं राहणाऱ्या माणसाला अनुदानाने दिलेली ही खरी वस्तू. कुणा एका कंपनीला असं संशोधन स्वतःच्या खर्चाने करण्यात फायदा नव्हता, कारण निष्कर्ष सगळ्यांनाच फुकट मिळणार होता. सरकारी पैसा नेमका अशा ठिकाणी लागतो.

अनुदान कुणाच्या हातात द्यायचं, याचा वेगळा विचार अमेरिकेने केला आहे. २३ सप्टेंबर २००१ रोजी अलाबामात ब्रूकवुडच्या खाणीत १३ कामगार गेले. त्यांतले बहुतेक पहिल्या स्फोटात जखमी झालेल्या सोबत्यांच्या मदतीला निघाले होते आणि दुसऱ्या स्फोटात सापडले. २ जानेवारी २००६ रोजी वेस्ट व्हर्जिनियात सेगो खाणीत १२ जण गेले. त्याच वर्षी जूनमध्ये नवा कायदा झाला आणि त्याने या दोन्ही खाणींच्या नावाचं एक अनुदान सुरू केलं. ते खाणमालकाला मिळत नाही. राज्यांना, महाविद्यालयांना, ना-नफा संस्थांना मिळतं आणि ते खाणकामगारांच्या प्रशिक्षणावरच खर्चावं लागतं. लहान खाणींना त्यात अग्रक्रम आहे. मोठ्या कंपनीकडे स्वतःचे प्रशिक्षक असतात, वीस माणसांच्या खाणीकडे नसतात. एवढी साधी गोष्ट कायद्यात लिहून ठेवायला तिथेही २५ माणसं जावी लागली.

पुढे ५ एप्रिल २०१० रोजी त्याच वेस्ट व्हर्जिनियात अप्पर बिग ब्रांच खाणीत स्फोट होऊन २९ जण गेले. ती खाण ज्या कंपनीच्या मालकीची होती ती कंपनी पुढे अल्फा या दुसऱ्या कोळसा कंपनीने विकत घेतली. २०११ च्या तडजोडीत अल्फाने २० कोटी ९० लाख डॉलर मान्य केले आणि त्यांतले ४ कोटी ८० लाख डॉलर खाणसुरक्षेच्या संशोधनासाठी एका न्यासाकडे गेले. दंडाचा पैसा तिजोरीत विरघळू न देता संशोधनाला लावायचा, ही कल्पना आपल्याकडे उचलण्यासारखी आहे.

आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टी एका झटक्यात होणाऱ्या मृत्यूंच्या. धूळ सावकाश मारते आणि तिच्यासाठी पैसाही सावकाश येतो. भारतात सिलिकोसिसची पहिली नोंद झाली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, १९३४ मध्ये. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते, तिथे व्रण धरतात आणि फुप्फुस घट्ट होत जातं. काम सोडलं तरी आजार थांबत नाही आणि तो बरा करणारं औषध नाही. पुष्कळदा तो क्षय समजला जातो आणि माणूस वर्षानुवर्षं क्षयाच्या गोळ्या खात राहतो. त्याच कोलारमध्ये १९९० साली राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्था नोंदवली गेली. तेव्हा केंद्रीय खाण मंत्रालयाच्या अखत्यारीत असलेल्या या संस्थेची मध्यवर्ती प्रयोगशाळा नागपुरात, अमरावती रस्त्यावर वाडीला होती. खाणींतली धूळ आणि आवाज मोजणं, कामगारांची फुप्फुसं आणि कान तपासणं, ही तिची कामं. डंपर आणि डोझर चालवणाऱ्यांच्या शरीराला सीटमधून दिवसभर किती हादरे बसतात, याचीही मापं या संस्थेने घेतली आहेत. त्यातून होणारं कमरेच्या मणक्यांचं दुखणं अपघातांच्या यादीत कधीच चढत नाही. २०१९ च्या जुलैत मंत्रिमंडळाने ही संस्था अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करायचं ठरवलं. एकाच प्रकारचं काम करणाऱ्या दोन संस्था कशाला, हा विचार कागदावर बरोबर आहे. पण खाणकामगाराचं आरोग्य एवढाच विषय असलेली संस्था आता कारखाने, शेती, कापड अशा सगळ्यांच्या आरोग्याच्या घरात एक खोली घेऊन राहते.

धुळीचा पैसा मोकळेपणाने वाहतो तो राजस्थानात, पण आजार झाल्यावर. करौली, धौलपूर, जोधपूरचा वालुकाश्म म्हणजे मुख्यतः सिलिकाच. २०१९ च्या धोरणानुसार सिलिकोसिसचं प्रमाणपत्र मिळालं की कामगाराला ३ लाख रुपये आणि तो गेल्यावर कुटुंबाला आणखी २ लाख मिळतात. खाणकामगारांसाठी हा पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानांतून येतो. देशातल्या इतर राज्यांनी शिकावं असं हे धोरण आहे, यात शंका नाही. पण दगडात भोक पाडताना ड्रिलच्या टोकाशी पाणी सोडलं तर धूळ फारशी उडत नाही, हेही जुनं ज्ञान आहे. त्याला पाण्याची टाकी, नळी आणि ओलं ड्रिलिंग करणारं यंत्र लागतं. पाणी नाही तिथे धूळ ओढून घेणारं उपकरण लागतं. ५ लाखांत यांतलं किती येईल याचा हिशेब प्रतिष्ठानाच्या बैठकीत कुणी मांडत असेल तर उत्तमच.

ही जिल्हा खनिज प्रतिष्ठानं २०१५ च्या कायदादुरुस्तीने आली. लिलावाने खाण घेतलेल्याने स्वामित्वधनाच्या १० टक्के आणि जुन्या पट्टेधारकाने ३० टक्के इतकी रक्कम त्यांत भरायची. गौण खनिजांसाठी दर ठरवायचा अधिकार राज्यांना आहे. १९३९ च्या उपकराचा हा दूरचा नातू म्हणायला हरकत नाही, फरक इतकाच की हा पैसा जिल्ह्यातच राहतो आणि आरोग्य हा त्याचा अग्रक्रमाचा विषय आहे. चंद्रपुरात या प्रतिष्ठानाने टाटा ट्रस्ट आणि राज्य सरकारसोबत कर्करुग्णालय उभारण्यात भाग घेतला. खाणीच्या जिल्ह्यात असं रुग्णालय हवंच होतं.

पण दगडखाणीतल्या कामगारापर्यंत ओला ड्रिल पोचवायचा तर अर्ज कोण करणार, इथे गाडी अडते. खाणींच्या कायद्यात एक सूट आहे. बांधकामाचा दगड, मुरूम, खडी काढणारी उघडी खाण सहा मीटरपेक्षा खोल नसेल, एका दिवशी पन्नासांपेक्षा जास्त माणसं नसतील आणि सुरुंग वापरला जात नसेल, तर कायद्यातल्या बहुतेक तरतुदी तिला लागू होत नाहीत. अशा खाणीत बहुधा मुकादम असतो, सुरक्षा अधिकारी नसतो. कामगारांची नोंदवही असेलच असं नाही. मग प्रस्ताव लिहिणारा, तांत्रिक मंजुरी घेणारा, उपयोगिता प्रमाणपत्र देणारा कुणीच उरत नाही. अमेरिकेसारखं एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा कामगार संघटनेला या खाणींच्या वतीने पैसा मागता आला, तर निदान प्रस्ताव कुणाच्या तरी नावाने दाखल होईल. जिल्हाधिकारी प्रतिष्ठानाच्या कारभारात असतातच, आणि गौण खनिजाचे परवानेही त्यांच्याच कार्यालयातून निघतात. कुठल्या गटनंबरात किती लोक दगड फोडतात, याचा अंदाज त्या कार्यालयातल्या गौण खनिज शाखेइतका दुसऱ्या कुणाला नसतो.